उजवा हात वर जातो तेव्हा

आज आमच्या वावरात सीतादही आहे. बोंडं फुटून वावर पांढरं दिसायला लागलं, की पहिल्या वेचणीआधी बाया शेतात जातात. एका भरल्या झाडाला हळदीकुंकू लावतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तोच भात चहूकडे शिंपतात आणि मग ओटीत पहिला कापूस घेतात. गाणी म्हणतात, एकमेकींना चिमटे काढतात, वर्षातून एकदा मोकळ्या तोंडानं हसतात. मला हा सण फार आवडतो. आणि याच सणाच्या दिवशी मला सकाळपासून वावराकडे फिरकावंसं वाटत नाही. दोन्ही खरं आहे, त्याला मी तरी काय करू?

घरातले काही बोलत नाहीत. पण मघाशी फळीवरचा पाण्याचा गडवा घ्यायला मी हात जरा उंच केला, तर चुलीपाशी बसलेली घरातली बाई भाकर तव्यावर तशीच टाकून माझ्याकडे बघत राहिली. भाकर करपली ती करपलीच. "काई नाई वं, तहान लागली," असं मला सांगावं लागलं. या दिवसांत लोक आभाळाकडे बघतात, अवकाळी येतो की काय म्हणून. आमच्या घरी माझ्या उजव्या हाताकडे बघतात.

मला मिरगी आहे. फेफरं म्हणा, झटके म्हणा, नावानं काही फरक पडत नाही. लहानपणापासूनची सोबत आहे. आधी करपलेल्या तिळासारखा वास येतो. आजूबाजूला कुणी तीळ भाजत नसतं, तरी येतो. मग उजवा हात आपोआप वर जायला लागतो. मी त्याला खाली ओढतो, तो ऐकत नाही. त्यानंतरचं मला ठाऊक नाही. डोळे उघडतो तेव्हा मी भुईवर असतो, जीभ चावलेली असते आणि भोवती माणसं उभी असतात. त्या माणसांनी मला पाहिलेलं असतं आणि मी मात्र मला पाहिलेलं नसतं. याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही.

आमच्याकडे मिरगीवर उपाय एकच, जोडा हुंगवायचा. कातड्याचा, पायातला, जितका जुना तितका गुणकारी. चांदूर बाजाराकडच्या आमच्या गावात कुणाकुणाचे जोडे माझ्या नाकाला लागले असतील याचा हिशेब देवालाच ठाऊक. विहिरीजवळ जायचं नाही, विस्तवाजवळ बसायचं नाही, झाडावर चढायचं नाही. बाप लवकर गेला होता, घरी जमीन चांगली काळीभोर, पण माझ्या हाती औत द्यायला माय भीत असे. फाळावर पडलो तर? म्हणून तिनं मला पंतोजीकडे बसवलं. गावातली बाकीची पोरं ढोरामागं फिरली आणि मी अक्षरं गिरवली. लोक म्हणत, नारायण मोठा हुशार. हुशार कसला! ज्याला काहीच करू देत नाहीत तो दुसरं काय करणार?

माझा सोबती किसना. आम्ही दोघं एका वयाचे, एका आळीतले. पुढं चिलमीचं वय झालं तेव्हा पारावर चिलीम फिरायची, आणि माझ्या डाव्या बाजूला बसलेल्या किसनाच्या हातातून ती माझ्या उजव्या बाजूच्या माणसाकडे जायची. मला टाळून. उष्ट्यानं मिरगी लागते अशी समजूत. किसना बिचारा कसनुसं हसायचा. मीही हसायचो. हसलं की लोकांना बरं वाटतं, हे दुखणाईत माणूस फार लवकर शिकतो.

आणि ते दिवस तरी कसले! विलायतेच्याही पलीकडे कुठंतरी भाऊबंदकीची लढाई लागली होती म्हणे, तिकडचा कापूस अडला होता, आणि म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. कोण लढतं, कशासाठी लढतं, कुणाला पत्ता नव्हता. पण जो तो म्हणायचा, "लढाई चालू राहू दे, बाप्पा." घराघरात रेच्यावर सरकी काढणाऱ्या बायांचा कर्रकर्र आवाज उजाडल्यापासून चालायचा. अमरावतीच्या वाटेवर कापसानं लादलेल्या बंड्यांच्या रांगा असायच्या, बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं असायची. अकोल्याकडे आगगाडीची लोखंडी सडक येते आहे, मग तर काय विचारता, असं लोक बोलायचे. पैसा आला होता, पण झोप गेली होती. कापूस आज विकावा की उद्या? उद्या भाव चढला तर? परवा उतरला तर? सगळा मुलुखच माझ्यासारखा झाला होता, आपला हात केव्हा वर जाईल याची वाट बघत बसलेला.

त्यातच माझं लग्न झालं. पोरगी भातकुलीची, नाव पारबती. माझ्या दुखण्याबद्दल मायनं तिकडे अवाक्षर काढलं नव्हतं. मी माझ्या परीनं बोलायला गेलो तर म्हणाली, "तू गप राय. लगन झालं का जाते ते आपोआप." गेलं नाही. पारबती नांदायला आली आणि थोड्याच दिवसांत मी अंगणात पडलो. शुद्धीवर आलो तर नाकाला कातड्याचा वास नव्हता. माझं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि जोडा दूर भिंतीशी भिरकावलेला होता. मी विचारलं, काय झालं? आजवर कुणी मला धड सांगितलं नव्हतं. सगळे तोंड फिरवायचे. ती म्हणाली, "काई नाई झालं. हात वर गेला, पडले, थरथरले, मंग घोरले. कुत्रं येऊन तुमचा पाय चाटून गेलं. मी त्याले हाकललं."

मला हसू आलं. खरंखुरं, पोटातून. माझ्या आयुष्यातला जो तुकडा मला कधीच दिसला नव्हता, तो असा चार शब्दांत तिनं माझ्या हातात ठेवला होता, कुत्र्यासकट.

पण गावाची तोंडं कोण बांधणार? बातमी भातकुलीला पोचली. सासरे पंचमीसाठी तिला न्यायला आले, गोड बोलले, घेऊन गेले. दसरा आला तरी पाठवली नाही. मग निरोप आला, "मिरगीच्या मानसाच्या घरी आमची पोरगी नाई येत. फसवलं तुमी आमाले." माय दिवसभर चुलीपुढं बसून राहिली. मी विचार करत होतो, माझा दोष काय? आणि त्यांचा तरी काय दोष, असंही वाटायचं. माझ्या पोटी पोरगी असती तर मी दिली असती का अशा घरी? हा प्रश्न मी स्वतःला विचारायचो आणि उत्तराआधीच उठून चालायला लागायचो.

त्याच वर्षीची ती सीतादही. बाया वावरात गेल्या होत्या आणि माय दह्याचं गाडगं घरी विसरली होती, ते द्यायला मी गेलो. पूजेच्या झाडापाशी पोचलो, आणि तिळाचा वास आला. मी म्हटलं, इथं नको, बायांत नको. हातानं ऐकलं नाही. गाडगं फुटलं, दही उडालं, मी कुंकू लावलेल्या झाडाच्या बुडाशी कोसळलो. कुणीतरी जोडा आणायला धावली, तर गावची थोरली पाटलीण ओरडली म्हणे, "जोडा मांगं घे, मेले! दिसत नाई का? देवीमाय आली त्याच्या अंगात!"

डोळे उघडले तेव्हा माझ्या कपाळभर कुंकू होतं, आणि भोवतालच्या बाया हात जोडून उभ्या होत्या. मला कळेना की मी जिवंत आहे की मेलो.

पडताना हात वर गेला होता ना, त्याचा अर्थ लावायला पाटलांना वेळ लागला नाही. उजवा हात वर, म्हणजे भाव वर. कापूस दाबून ठेवा, देवीचा कौल आहे. आणि नशीब बघा, त्या पंधरवड्यात भाव चढला! मग काय विचारता. मला पुन्हा झटका आला, पुन्हा तोच हात वर, पुन्हा भाव वर. अरे, माझ्या दुखण्याला दुसरं येतंच काय? जन्मापासून तो हात वरच जातो! खाली जाताना कुणी पाहिलाय का कधी? हे मी ओरडून सांगितलं असतं, पण ऐकणाऱ्याला ऐकायचं नसलं की ओरडून घसा तेवढा बसतो.

एका दिवसात मी मिरगीचा नाऱ्या होतो तो देवीचं झाड झालो, तिनं अंगात यायचं ठिकाण. लोक नारळ घेऊन यायला लागले. ज्या पारावर मला चिलीम मिळत नव्हती तिथं माझ्यासाठी घोंगडी अंथरली जायला लागली. एक दिवस किसना समोर आला. मी म्हटलं, ये गड्या, बस. तो खाली वाकला आणि माझे पाय धरले. मी पाय मागं ओढून घेतले. "किसन्या, येडा-बयाड झाला का तू?" तर म्हणतो, "महाराज, सरकी काढू का राहू द्याव?" मला रडू आलं. मला पाय धरणारा नको होता, शेजारी बसून चिलीम देणारा हवा होता. चिलीम तर आताही माझ्यापर्यंत येत नव्हतीच. आधी उष्ट्याच्या भीतीनं येत नव्हती, आता देवाच्या भीतीनं.

माय मात्र फुलली. लग्नकार्यात मागं बसणारी माझी माय आता पुढच्या ओळीत बसायला लागली. मी कुरकुरलो की म्हणायची, "नारायना, लोकं मान देऊन रायले, तुयं काय जाऊन रायलं?" काय सांगू तिला? माझं दुखणंच जात होतं, तेही माझं राहिलं नव्हतं. आधी दुखणं आलं की लोक दूर पळायचे, आता ते येत नसलं की लोक दाराशी येऊन बसायचे. चार दिवस बरे गेले की पाटलांचा चेहरा उतरायचा. "काहून बा, माय रुसली का?" मग उपास धरायला लावायचे, ऊद जाळायचे, कानाशी डफ वाजवायचे. मी बरा असणं गावाला परवडत नव्हतं. आणि मला भीती दोन्हीकडून. झटका आला तर जीव जातो की काय ही जुनी भीती, आणि नाही आला तर हे लोक काय करतील ही नवी. झोपेत दचकून मी उजवा हात डाव्यानं धरून बसायचो.

अशात भातकुलीहून निरोप आला. जावयाच्या अंगात देवी येते हे सासऱ्यांच्या कानावर गेलं होतं. ते स्वतः येणार होते, पारबतीला घेऊन. देवळापुढं, आपल्या डोळ्यांनी बघणार. देव असला तर पोरगी ठेवून जातील, दुखणं असलं तर त्याच पावली परत नेतील. आणि जाता जाता, घरी साठवलेला कापूस विकावा की ठेवावा, तेही विचारून घेतील.

मायनं देव पाण्यात घातले. मी सुकत गेलो. माझ्या बायकोनं माझ्या घरी यायचं असेल तर मला लोकांसमोर पडावं लागणार होतं, आणि पडून जो उठेल तो मी नसून देव असायला हवा होता. बरं, देव म्हणून तिला मिळवली, तर ती नांदणार कुणाबरोबर? मी माझ्याच बायकोसाठी माझ्याच ठिकाणी दुसरा कुणीतरी उभा करणार होतो. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना.

ठरल्या दिवशी दुपारी देवळापुढं ही गर्दी. सासऱ्यांची बंडी कडुनिंबाखाली सुटलेली, बैल वैरण खात होते. पारबती बंडीतच बसली होती, पदर पुढं ओढून. बापाचा हुकूम होता, नक्की होईस्तोवर उतरायचं नाही. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता बंडीच्या काठावर ठेवलेला हात दिसत होता. सकाळपासून मी उपाशी होतो. उदाचा धूर डोळ्यांत गेला, डफ सुरू झाला. आणि त्या आवाजात मला एकदम वाटलं, आता नाही बोललो तर पुढं कधीच बोलणार नाही.

मी हात जोडले. म्हणालो, "मामा, हे देव नोहे. मिरगी आहे. लहानपणापासून आहे. भावाचं मले काईच कळत नाई, त्या वख्ती मी शुद्धीतच नसतो. मी पडतो, बस, एवढंच."

डफ थांबला. मी बंडीकडे बघू शकलो नाही. मला वाटलं, झालं, आता बैल जुंपतील.

आणि पाटील हसले. म्हणाले, "पाहा, देवानं कधी आपल्या तोंडानं सांगतलं का, का मी देव हाये म्हनून? याचंच नाव साक्षात्कार!" लोक हसले, सासरेही हसले, थोरल्या पाटलिणीनं माझी दृष्ट काढली. डफ दुपटीनं वाजायला लागला. मी म्हणत होतो, अहो ऐका, अहो मामा, आणि तिळाचा वास आला.

शुद्धीवर आलो तेव्हा गर्दी पांगत होती. सासरे कापूस दाबून ठेवायचा निश्चय करून, मला लोटांगण घालून, बैल जुंपत होते. आणि पारबती माझ्या उशाशी होती. पदरानं माझ्या कपाळावरचं कुंकू पुसत होती.

ती राहिली. घर पुन्हा घर झालं. मी सुखी व्हायला हवं होतं ना? छे! सुखाच्या प्रत्येक घासाबरोबर एकच खडा दाताखाली यायचा. ही आली ती कुणाकडे? मी बोललो तेव्हा ती बंडीत होती, पडलो तेव्हाही बंडीत असेल, हात वर गेला आणि बापानं म्हटलं असेल, उतर. ती देवीच्या झाडाकडे आली असेल, तर उद्या झाड वठल्यावर ही बसेल का सावलीला? विचारावं म्हणून मी दहादा तोंड उघडलं आणि दहादा पाणी मागितलं. ती मुकाट पाणी द्यायची. वेचणीला जायची, ओटीभर कापूस आणायची, आल्यावर केसांतल्या काड्या काढत बसायची. मी तिच्याकडे चोरून बघायचो.

शेवटच्या वेचणीचे दिवस आले. झाडावर कुठंकुठं उरलेली खुरटी बोंडं तेवढी राहिली होती. आणि अमरावतीहून गेलेल्या बंड्या भरल्याच्या भरल्या परत यायला लागल्या. लढाई थांबते आहे म्हणे, तिकडचा कापूस सुटतो आहे. भाव असा कोसळला की बघता बघता घराघरातल्या कापसाकडे कुणी फिरकेना. मला त्या आठवड्यात झटका आला, हात नेहमीसारखा वर गेला. पण या खेपेला मी उठलो तेव्हा नाकाला जोड्याचा वास होता. जोडा पाटलांचा होता.

पारावरची माझी घोंगडी गेली. थोरली पाटलीण माझ्या सावलीतून पोरं बाजूला ओढायला लागली. माय पुन्हा मागं बसायला लागली आणि घरी येऊन रडायला लागली. किसना समोरून यायचा तो वाट बदलायचा. खरं सांगतो, त्या सगळ्यात एक प्रकारचा आराम होता. निदान दुखणं माझ्याकडे परत आलं होतं. मनात धाकधूक एकाच गोष्टीची होती, आणि ती बंडीत बसून आली.

सासरे दुपारचेच आले, उन्हानं लाल झालेले. पाणी दिलं ते घेतलं नाही. अंगणातूनच ओरडले, "देव नोता, मिरगी होती! दोनदा फसवलं तुमी आमाले. पारबते, गठुडं बांध, चाल." शेजारपाजार गोळा झाला. माय दाराआड. आणि मी? मी काय बोलणार? ते जे ओरडत होते ते मीच तर देवळापुढं हात जोडून सांगितलं होतं. माझंच वाक्य माझ्या अंगावर आलं होतं. मी खाली मान घालून उभा राहिलो आणि तिच्या पावलांची वाट बघत राहिलो, आता आत जातील, आता गठुडं घेऊन बाहेर येतील.

पारबती गायीपुढं सरकी टाकत होती. ती टाकून झाल्यावर तिनं पाटी पालथी घातली, हात झटकले आणि बापासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"बाबा, त्यायनं सांगतलं होतं तुमाले. सगळ्यायसमोर सांगतलं, मिरगी हाये म्हनून."

"मंग?"

"मंग तुमी सारे हासून रायले होते. तवाच मी बंडीतून उतरली. देव तुमाले मांगून दिसला, बाबा. मी त्याच्या आदीच यायच्यापाशी येऊन उभी रायली होती."

इतके दिवस जो खडा माझ्या दाताखाली होता तो तिनं असा सहज काढून बाहेर टाकला होता. "मिरगीच्या मानसापाशी जनम काढशीन?" सासऱ्यांनी विचारलं. आवाज आता बापाचा झाला होता. ती म्हणाली, "काढीन नं." त्यांनी बैलांच्या दाव्याशी उगीच खटपट केली, आणि एकटेच गेले.

संध्याकाळी मी तिला विचारलं. "तुले भेव नाई वाटत? मी कधी पडीन, कुठी पडीन, उठीन का नाई उठीन?"

"वाटते नं," ती म्हणाली. "रोज वाटते. तुमी वावरात जाता तवा वाटते, नदीवर जाता तवा वाटते. आता हात धुवा, भाकर निवून रायली."